फूल सोपं करू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. काकू दिवसभर खिडकीशी बसून असतात, हातात काही दिलं तर घेतात आणि थोड्या वेळानं बाजूला ठेवून देतात, हे वाचून जीव कालवला. मी वृद्धाश्रमात दर आठवड्याला कागदी फुलं करून घेतो, त्यातलं त्यांना काय जमेल असं तू विचारलंयस. बाजारातून आणलेला तो संचही त्यांनी उघडला नाही म्हणतोस. खरं सांगू? बरं झालं उघडला नाही. फोमची गोल फुलं, त्यांवर हसरे चेहरे, पाठीमागे चिकटपट्टी. ज्या बाईनं आयुष्यभर संसार ओढला, तिच्यापुढे आपण बालवाडी मांडतो आणि वर "आईला कशातच रस उरला नाही" म्हणतो.

ही चूक मीही केली आहे. पहिल्या वर्षी वसंत आला म्हणून मी घरूनच सगळ्या पाकळ्या कापून नेल्या होत्या. त्यांना फक्त चिकटवायचं होतं. एका आजींनी त्या पाकळ्या नीट रचून माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाल्या, "नातवंडं आली की त्यांना दे." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. पुढच्या खेपेला मी ट्युलिपची चार खरी फुलं नेली, कागद नेलाच नाही. त्याच आजींनी एक फूल हातात घेतलं, पाकळ्या एकेक सुट्या करून टेबलावर मांडल्या. बाहेरच्या तीन, आतल्या तीन. "आतल्या जरा अरुंद आहेत," म्हणाल्या, आणि मग, "कागद कुठाय?"

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून आहे: हाताचं काम सोपं करायचं, फूल सोपं करायचं नाही.

वसंतातली फुलं यासाठी फार सोयीची. पाकळ्या मोठ्या आणि मोजता येण्याजोग्या. चेरीच्या साध्या फुलाला पाच, प्रत्येकीच्या टोकाला बारीकशी खाच. डॅफोडिलला सहा, तीन पुढे आणि त्यांच्या फटींतून दिसतील अशा तीन मागे, मधोमध झालरीची वाटी. कंदातून येणाऱ्या या फुलांची पानं म्हणजे लांब पट्ट्याच, त्यांना ना दाते ना फाटे. कात्रीला त्रास नाही आणि तरी ओळखीचं, खरं फूल तयार होतं.

आता कागदाचं बोलतो, कारण निम्मं यश तिथंच आहे. टिश्यू पेपर आणू नकोस. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी पडते, तो पातळ कागद एकेक सुटत नाही आणि माणूस चिडतो. जाड कार्डशीटही नको, ती दुमडताना अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. क्रेप पेपर आण, त्यातही जाड प्रतीचा. त्याच्या अंगात बारीक चुण्या असतात, त्यामुळे घडी न घालता नुसता ताणून त्याला आकार येतो. चुण्या पाकळीच्या देठाकडून टोकाकडे उभ्या यायला हव्यात. मग दोन्ही अंगठे पाकळीच्या पोटात ठेवून हळूच बाजूंना ओढायचं, की पाकळी वाटीसारखी खोलगट होते. कागद आडवा कापला तर कितीही ओढा, फुगत नाही.

हे मला एका आजोबांनी शिकवलं, मी त्यांना नाही. ते शिंपी होते. नजर इतकी गेलेली की फुलाचा रंगही नीट कळत नव्हता. मी समजावायला लागलो तर त्यांनी कागद चिमटीत घेतला, दोन्हीकडून एकदा ओढून पाहिला आणि म्हणाले, "ताण इकडून आहे. पाकळी उभी कापा." मी गप्प. पुढे डॅफोडिलच्या वाटीची झालर त्यांनीच सगळ्यांना दाखवली: चार-पाच सेंटीमीटर रुंदीची पट्टी, तिची फक्त वरची कड चिमटीत धरून थोडी थोडी ओढत जायची, की कड लाटांसारखी उठते आणि खालची बाजू सपाट राहते. मग ती पट्टी गोल करून चिकटवायची. साठ वर्षं फ्रॉकांना झालरी लावलेले हात होते ते. म्हणून म्हणतो, काकूंना शिकवायला बसण्याआधी त्यांच्या हातांना काय काय येतं ते आठव. त्यांचं विणकाम मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

बोटांसाठी थोडी तयारी कर. सकाळी सांधे जास्त आखडलेले असतात, तेव्हा नको, दुपारनंतर बसा. आधी हात कोमट पाण्यात पाच मिनिटं, मग नीट पुसून कोरडे, कारण क्रेपचा रंग ओल्या बोटांना लगेच लागतो. दाबून काढायची गोंदाची बाटली देऊ नकोस. बशीत गोंद ओत, ब्रश दे आणि ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड कर. कात्री स्प्रिंगची घे, जी दाब सोडला की आपोआप उघडते. कात्री स्थिर ठेवून कागद फिरवायला सांग, मनगट वाचतं. कापणं नकोच वाटलं त्या दिवशी चेरीच्या पाकळ्या हातानं फाडू दे, फाटलेली कड कापलेल्या कडेपेक्षा नाजूक दिसते. वीस मिनिटं झाली की काम खाली, जमत असलं तरी. उत्साहात तासभर बसलं की दुसऱ्या दिवशी बोटं सुजतात आणि मग कागद पाहिला तरी नको वाटतो.

डोळ्यांचं थोडं नाजूक आहे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळे-जांभळे रंग मळकट दिसतात. काकूंचं एकाच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? मग त्यांना दोन डोळ्यांनी दोन वेगळे रंग दिसत असतील. हायसिंथसारख्या निळ्या-जांभळ्या फुलांचा हट्ट आता नको. पिवळा, केशरी, लाल घे. पिवळा कागद पांढऱ्या टेबलावर हरवतो, म्हणून खाली काळा किंवा गडद निळा कपडा अंथर. त्यावर कडा असलेला ट्रे ठेव, त्यालाही आत गडद कागद लाव. ट्रे सरकू नये म्हणून खाली ओलसर फडकं. दिवा ज्या हातानं काम करतील त्याच्या उलट बाजूला, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते.

आणि ग्लू गन, म्हणजे गरम गोंद सोडणारी बंदूक, अजिबात नको. पिकल्या वयाची कातडी पातळ असते, चटका खोल जातो. त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर देठाच्या तारेचं टोक आधीच वाकवून ठेव, साधा ओरखडाही वाहत राहतो. मला तर तार नकोच वाटते. वाळकी फांदी आण, खरी. तिच्यावर चेरीची फुलं चिकटवली की देठाचा प्रश्नच उरत नाही. सुरुवात याच फांदीनं कर. पाच पाकळ्या, मध्ये पिवळ्या कागदाची झुपक्यासारखी कातरलेली बारीक पट्टी, झालं एक फूल. एका दिवशी एक झालं तरी पुरे. फांदी महिनाभर भरत राहते आणि रोज उद्याचं काहीतरी शिल्लक असतं. कडक उन्हात मात्र ठेवू नकोस, क्रेपचा रंग उडतो.

काकूंना मेरी डेलनी यांची गोष्ट जरूर सांग. इंग्लंडमधल्या या बाई 1700 साली जन्मल्या. दुसरे पती 1768 मध्ये गेले. पुढे 1772 मध्ये, वयाच्या 72व्या वर्षी, एका लाल फुलाची पाकळी आणि जवळ पडलेला रंगीत कागद यांचा रंग एकच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कात्री उचलली. पुढची दहा वर्षं, खरं फूल समोर ठेवून, कागदाचे बारीक बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवत त्यांनी जवळजवळ हजार फुलं केली. नजर अगदीच साथ देईना तेव्हाच थांबल्या. ती चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी ही गोष्ट आमच्याकडे सांगितली तेव्हा एका आजींनी लगेच विचारलं, "पाठीमागे काळंच का लावलं?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी आपली पांढरी पाकळी उचलून काळ्या कपड्यावर ठेवली आणि मान डोलावली. उत्तर मिळालं होतं.

आणखी एक. काकू करत असताना "वा, किती छान!" असं सारखं म्हणू नकोस. त्यांना खोटं लगेच कळतं, तुझ्यापेक्षा माझा जास्त अनुभव आहे त्यांच्या नजरेचा! पाकळी उलटी लागली तर लगेच हात पुढे करू नकोस. शेजारी बसून तूही एक फूल कर. तुझं बिघडू दे. त्या दुरुस्त करायला पुढे येतील.

फूल कोणतं ते त्यांनाच ठरवू दे. "काय करायचं?" असं मोघम विचारलंस तर "काही नको" म्हणतील. एक खरं फूल आण, खिडकीत त्यांच्या समोर ठेव आणि दोन दिवस काही बोलू नकोस.

या पत्राबरोबर जाड क्रेपचे चार रंग पाठवतोय: पिवळा, केशरी, गुलाबी, पोपटी. माझी स्प्रिंगची कात्रीही ठेवली आहे, ती डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालते. काकू डावखुऱ्या आहेत हे मी विसरलेलो नाही. मधला गुलाबी तुकडा ताणून पाहिलेला दिसेल, तो त्या शिंपी आजोबांनी तपासून दिलाय. "ठीक आहे, पाठवा," म्हणाले.

पहिल्या फुलाचा फोटो नको पाठवूस. ते फूलच पाकिटात घालून पाठव, चपटं झालं तरी चालेल. पाकळीत अंगठे घालून मी पुन्हा फुलवीन.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार.

तुझा,
जुना बाकसोबती