काठी कोणत्या हातात?

शहापूर, बेळगाव

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

आठवड्याचे सोळा तास वर्गात शिकवण्यात जातात, संशोधनाला वेळ उरत नाही, म्हणून कृत्रिम सांधे बनवणाऱ्या कंपनीत जावे असे मनात येते, असे तू रविवारी फोनवर म्हणालीस. मी तेव्हा गप्प राहिलो. मला सुचायला वेळ लागतो, हे तुला ठाऊक आहे.

खानापूरला आजीचा उजवा खुबा दुखू लागला तेव्हा ती काठीही उजव्याच हातात धरीत असे. तू सुट्टीत येऊन ती डाव्या हातात दिलीस आणि सोप्यात तागडी टांगून तिला दाखवलेस की, एका पायावर उभे राहिले की अंगाचा भार सांध्यापासून लांब पडतो, तो तोलणारा स्नायू मात्र सांध्याच्या जवळूनच ओढतो, त्यामुळे त्याला दुप्पट-तिप्पट जोर करावा लागतो आणि चालताना खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. पलीकडच्या हातातली काठी सांध्यापासून दूर असल्याने तिच्यावरचा थोडा रेटाही स्नायूचे बरेच ओझे उतरवतो. तेच तू शेजारच्या अज्जींना कन्नडमध्ये सांगितलेस. (तुझे कन्नड माझ्यापेक्षा चांगले आहे.) तुझे पहिले व्याख्यान मी ते मानतो.

मी उद्यमबागेत तीस वर्षे लेथवर काढली. बुश (दांड्याभोवतीची धातूची नळी) झिजला की बदलायचा, एवढेच आमचे शास्त्र. हाडाचे तसे नाही, हे मला तुझ्याकडून कळले. भार पडेल तिथे हाड भरते आणि भार हटला की विरळ होते, हे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडले होते. टायटॅनियम पोलादाच्या जवळपास निम्मे ताठर, तरीही हाडाच्या पाच-सहा पट. म्हणून कृत्रिम खुब्यासाठी मांडीच्या हाडात बसवलेली त्याची दांडी भार स्वतःच उचलते आणि शेजारचे हाड उपाशी राहते. असे जिवंत यंत्र आमच्या कारखान्यात कधी आले नाही.

कृत्रिम खुबा बसवणारे इंग्रज शल्यविशारद जॉन चार्न्ली यांची गोष्टही तूच सांगितलीस. त्यांनी खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरले, ते थोड्याच वर्षांत झिजले, झिजलेल्या कणांनी आसपासच्या ऊती बिघडल्या आणि सुमारे 300 रुग्णांच्या वाट्या निकामी ठरल्या. 1962 मध्ये ते पॉलिएथिलीन या दुसऱ्या प्लास्टिककडे वळले. त्या दोन्ही पदार्थांचे कण त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन परिणाम पाहिला. हे त्यांनी लपवले नाही, जाहीर केले, म्हणून पुढच्यांना शिकता आले.

तुझ्या वर्गात चिकोडी-निपाणीकडची, मराठी-कन्नड माध्यमातून आलेली मुले असतात. त्यांना समीकरण पाठ असते, पण काठी कोणत्या हातात द्यायची ते सांगता येत नाही, असे तूच म्हणालीस. मग ते सोळा तास वाया गेले असे मला वाटत नाही. तास कमी करून मागायचे असतील तर जरूर माग.

निर्णय तुझा. फक्त कंपनीशी बोलताना एवढे विचार: एखादा सांधा चाचणीत फसला, तर ते निष्कर्ष तुला स्वतःच्या नावाने छापता येतील का?

तुझे,
अप्पा