काटा खाली, इंजिन उकळलेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कासच्या फुलांचा सीझन सुरू झाला की यवतेश्वर घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतातच, मागच्या सप्टेंबरात त्यातली एक माझी होती. पण गाडी घाटात तापली हे सांगायला हे पत्र लिहीत नाहीये. गाडी उकळत होती आणि डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा निम्म्याच्याही खाली शांत बसला होता, आणि त्याआधी दोन महिने मी ह्याच दुखण्यासाठी गॅरेजला पैसे भरत होते, ते सांगायचंय.

मी साताऱ्यात करंजेत राहते, मेढ्याला शाळेत विज्ञान शिकवते, रोजचं येणंजाणं स्वतःच्या गाडीनं, २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. जुलैपासून अॅव्हरेज १७ वरून १३ वर आलं. शाळा सुटल्यावर निघायचं, वाटेत पेट्रोल पंपावर पाच मिनिटं थांबायचं आणि परत चालू करायला दोन-तीनदा सेल मारायचा, पेट्रोलचा वास यायचा, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी. सकाळी थंड गाडी मात्र एका सेलमध्ये चालू! मग चेक इंजिनचा लाइट लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर कोड आला पी ०१२८, म्हणजे इंजिन जितकं गरम व्हायला पाहिजे तितकं होत नाहीये. मेस्त्री म्हणाले मॅडम थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय, बदलूया. बदलला, दोन हजार गेले, कोड पुसला. आठवड्यात लाइट परत हजर. मी विचारलं तापमान मोजणारा सेन्सर तर खराब नसेल ना, तर त्यांनी थंड गाडीवर मीटर लावून बघितलं आणि म्हणाले सेन्सर ओके आहे. त्यांनी मोजलं हे खरंय, मोजायची वेळ चुकली. ते पुढे सांगते.

मग तो कासचा रविवार. पाऊस भुरभुरत होता, हवा गार म्हणून एसी बंद. वळणावर गाड्यांची रांग, फर्स्ट गिअर-न्यूट्रल, फर्स्ट गिअर-न्यूट्रल असं अर्धा तास चाललेलं आणि एकदम बॉनेटच्या कडेतून वाफ. मागे सासूबाई आणि मुलगी. गाडी कडेला घेऊन बंद केली, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली आत बुडबुड बुडबुड करत होती, आणि इग्निशन ऑन करून बघितलं तर काटा खालीच. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. कसा फिरणार, इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटत होतं की इंजिन अजून कोमट आहे! माझ्या गाडीत काट्याला, पंख्याला आणि पेट्रोल किती सोडायचं ह्या हिशोबाला एकाच सेन्सरकडून तापमान जातं (काही गाड्यांत काट्याचा वेगळा असतो). तो खोटं बोलला की तिन्ही गोष्टी एकदम बिघडतात. थंड इंजिनला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून कॉम्प्युटर बिचारा जास्त सोडत राहिला, तिथंच माझं अॅव्हरेज गेलं. आणि आधीचे दोन महिने गाडी का तापली नाही तर एसी लावला की पंखा आपोआप चालतो, त्यामुळे ते झाकून राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजनं एस्टिमेट दिलं, रेडिएटर आणि वॉटर पंप मिळून १४ हजार. मी गाडी घरी आणली.

माझा पुतण्या आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड करतोय. तो म्हणाला काकू, आधी मोजू, मग बदलू. त्याच्याकडे स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र होतं, मोबाइलवर सगळं लाइव्ह दिसतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी साडेसहाला चालू न करता फक्त इग्निशन ऑन केलं. आत येणाऱ्या हवेचं तापमान २५, कूलंटचं २०. रात्रभर थंड झालेल्या गाडीत हे दोन आकडे जवळपास सारखे पाहिजेत, पाचाचा फरक होता, कुणीही म्हणेल चालतंय. मग गाडी चालू करून गरम होऊ दिली, थर्मोस्टॅटच्या तोंडाशी रबरी पाइपवर टेंपरेचर गन (लांबूनच तापमान दाखवणारं यंत्र) धरली (चकचकीत अॅल्युमिनियमवर ती गन कमी दाखवते, म्हणून रबरावर किंवा काळी टेप चिकटवून तिच्यावर धरायची) तर गन म्हणते ८८ आणि मोबाइलवर ५७! थर्मोस्टॅट खरंच उघडा अडकला असता तर गनवरही कमीच आलं असतं, आणि रेडिएटरचा खालचा पाइप सुरुवातीपासूनच कोमट होत गेला असता. इथे खालचा पाइप बराच वेळ थंड राहिला आणि मग एकदम गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट आपलं काम चोख करत होता. नवाही आणि बहुतेक जुनाही, पण जुना मला परत दिलाच नव्हता त्यामुळे बघता आलं नाही.

कोडमध्ये कुठला पार्ट गेला हे लिहिलेलं नसतं. कॉम्प्युटरला काय दिसलं तेवढंच असतं. पी ०१२८ थर्मोस्टॅटनंही येतो आणि कमी दाखवणाऱ्या सेन्सरनंही येतो. सेन्सरची वायर तुटली असती तर स्क्रीनवर उणे ४० च्या आसपास आलं असतं आणि पी ०११८ कोड पडला असता, ते ओळखायला सोपं. माझा सेन्सर अर्धवट गेला होता, तो सापडायला अवघड.

सेन्सर बदलणं त्यामानानं किरकोळ. इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडायचं नाही, तोंडावर उकळतं पाणी येतं), आधी झाकण उघडून प्रेशर सोडायचं, सेन्सरच्या वायरचा प्लग काढायचा, त्याच्या पिना हिरव्या पडल्यात का बघायचं कारण पुष्कळदा दुखणं तिथंच असतं, आम्ही पिना साफ करून परत बघितलं, फरक नाही. मग १९ नंबरचा सॉकेट लावून जुना सोडवला, भोकावर अंगठा धरला आणि लगेच नवा बसवला, नव्या वॉशरसकट, बेताचा आवळून. गेलं असेल एक कपभर कूलंट. ते गंजाच्या रंगाचं होतं, कारण टॉपअपला बोअरचं पाणी घातलं होतं गॅरेजनं! सगळं काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं भरलं, झाकण उघडं ठेवून हीटर फुल करून इंजिन आयडलवर ठेवलं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग झाकण लावलं आणि पंखा स्वतःहून चालू झाला तेव्हा आम्ही दोघंही टाळ्या वाजवल्या. सेन्सरची किंमत ३८० रुपये.

पण सेन्सरच खराब आहे ह्याची खात्री मी आधीच करून घेतली होती. नवा सेन्सर बसवायच्या आदल्या संध्याकाळीच मी दोन्ही सेन्सर घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. एका जुन्या पातेल्यात पाणी, शाळेतला थर्मामीटर, दोन्ही सेन्सर दोऱ्यानं लोंबकळत ठेवलेले, नुसतं टोक पाण्यात, आणि पुतण्याचा मल्टिमीटर. (जुना तेवढ्यापुरता काढला होता आणि भोकाला बूच मारलं होतं.) ह्या सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो, तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, कॉम्प्युटर त्याला ५ व्होल्टच्या सर्किटमधून वाचतो. साध्या पाण्यात २५ डिग्रीला नवा २०६० ओहम आणि जुना २४६०. पाणी तापवत ८० ला नेलं तर नवा ३२० आणि जुना ७२०. म्हणजे जुन्यात कुठेतरी आत गंजून साधारण ४०० ओहमची भर पडली होती, थंडीत दोन हजारात ती लपून जात होती आणि गरमात जेव्हा मूळ आकडाच तीनशेवर येतो तेव्हा त्याच भरीमुळे आकडा दुपटीहून जास्त होत होता. म्हणून थंड गाडीवर मीटर लावणाऱ्याला सेन्सर चांगलाच वाटणार. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात हेच पातेलं नेलं, पोरांनी ग्राफ काढला, दोन रेषा.

आता माझी मागणी. गॅरेजवाल्या सगळ्या मेस्त्रींबद्दल मला राग नाही, ती माणसं दिवसभर ग्रीसमध्ये राबतात आणि गिऱ्हाईकाला संध्याकाळच्या आत गाडी हवी असते. पण पार्ट बदलायच्या आधी काय मोजलं आणि किती आलं ते दोन ओळीत बिलावर लिहा, सेन्सर थंड आणि गरम दोन्हीला मोजा, काढलेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. टेंपरेचर गन असो की मोबाइलचं ते यंत्र, एका थर्मोस्टॅटच्या बिलात दोन्ही येतात. आणि संपादक साहेब, घाटाच्या सीझनच्या आधी, ऑगस्टातच, आपल्या पेपरात एखादा कोपरा ह्याला द्याल का? काटा खाली असला तरी वाफ दिसली किंवा कूलंटचा गोडसर वास आला की गाडी ताबडतोब कडेला घेऊन बंद करा, एवढं जरी मोठ्या अक्षरात छापलंत तरी यवतेश्वर, पसरणी आणि खंबाटकीला पुष्कळांचं इंजिन वाचेल. लागलं तर ती ग्राफची कागदं मी पाठवते, पोरांनी छान काढलीत.

आपली,
एक वाचक शिक्षिका,
करंजे, सातारा