आधी चौक मोजा, पूल मग बांधा: सोलापूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, सोलापूर
प्रत: मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका, मा. पोलीस आयुक्त, सोलापूर शहर, मा. कुलगुरू, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ

विषय: विद्यापीठात नगररचना व वाहतूक अभ्यासाचे कायमस्वरूपी केंद्र सुरू करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

रस्त्याचे किंवा पुलाचे मोठे काम निघाले की सल्लागार नेमायचा, त्याच्या माणसांनी चौकात तीन किंवा सात दिवस उभे राहून वाहने मोजायची, आकडे अहवालाच्या परिशिष्टात घालायचे आणि अहवाल कपाटात ठेवायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. दोन-चार वर्षांनी दुसऱ्या खात्याचे काम निघते, दुसरा सल्लागार येतो आणि तोच चौक पुन्हा पहिल्यापासून मोजतो. पैसा दोनदा जातो, पण सलग नोंद तयार होत नाही. सात रस्ता, आसरा चौक किंवा जुना पुणे नाका इथली वाहतूक दहा वर्षांत कोणत्या दिशेने आणि कोणत्या वेळेला वाढली, हे सांगायला खात्रीचा कागद लागतो. तो ठेवणारी जागा शहरात असावी, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे. ती जागा विद्यापीठ ही आहे.

मोजणी म्हणजे पोरांना पाट्या देऊन चौकात बसवणे, असा समज आहे. ते इतके सोपे नाही. चार रस्त्यांच्या चौकात सरळ, डावे आणि उजवे धरून वाहनांच्या 12 वाटा होतात. सात रस्त्याला नावाप्रमाणे सात तोंडे धरली तर त्या 42 होतात, आणि तिथे डोळ्यांनी दिशावार मोजणी शक्यच नाही. अशा ठिकाणी प्रत्येक तोंडावर आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या वाहनांच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे वेळेसह टिपायचे आणि मग जोड्या जुळवायच्या, किंवा आसपासच्या इमारतीवरून चित्रण करायचे. कॅमेरा खाली असला की एसटीच्या आड तीन दुचाक्या लपतात आणि मोजणीत येतच नाहीत. नोंद दर 15 मिनिटांची हवी, तासाची नको. शाळा सुटतानाची कोंडी वीस मिनिटांची असते, तासाच्या आकड्यात ती विरून जाते. मोजणी खरी की घरी बसून भरलेली, हे तपासायची सोपी खूण आहे: दर 15 मिनिटांत चौकात शिरलेली आणि बाहेर पडलेली वाहने जवळपास जुळली पाहिजेत. फार तफावत असली तर पत्रक चुकीचे. आणि प्रत्येक वेळी तंतोतंत जुळली, तर त्याहून जास्त संशय घ्यावा.

मग येतो गुणकाचा घोळ. सगळी वाहने कारच्या हिशोबात आणण्यासाठी प्रत्येक प्रकाराला एक गुणक देतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या 106 क्रमांकाच्या संहितेत दुचाकींचे प्रमाण 5 टक्के असेल तर गुणक 0.5, आणि 10 टक्के किंवा जास्त असेल तर 0.75 आहे. तासाला 4,000 दुचाकी असलेल्या रस्त्यावर पहिल्या गुणकाने 2,000 कार होतात, दुसऱ्याने 3,000. एकही वाहन न वाढता हजार कारची वाढ कागदावर दिसते, आणि रुंदीकरण की उड्डाणपूल हा निर्णय त्या हजारावर फिरू शकतो. 2017 मध्ये आलेल्या इंडो-एचसीएमने (भारतीय रस्त्यांची क्षमता मोजण्याच्या पुस्तिकेने) ही पद्धत आणखी बदलली. म्हणून अहवालात नुसता कारमध्ये रूपांतरित केलेला आकडा देणे पुरेसे नाही. रिक्षा, टमटम, दुचाकी, सायकल, हातगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली यांची कच्ची संख्या जाहीर झाली पाहिजे. कच्चा आकडा हाती असला की गुणक कोणताही लावून पाहता येतो.

पुलापेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय अशा मोजणीतून हाती लागतात. सिग्नलच्या तोंडाशी रस्ता 9 मीटर रुंद असेल, तर नेहमीच्या सूत्राने (रुंदी गुणिले 525) सलग हिरवा दिवा धरून तासाला 4,725 कारइतकी वाहतूक निघते. त्याच तोंडाशी रिक्षांची एक रांग 2 मीटर अडवून उभी राहिली की उरतात 7 मीटर आणि 3,675. म्हणजे 22 टक्के क्षमता रिक्षा थांब्याने खाल्ली. थांबा चौकापासून 50 मीटर मागे नेला तर ती परत मिळते, आणि खर्च रंगाचा व चार खांबांचा. (रिक्षावाल्यांना मागे जागा न देता नुसते हाकलले तर तिसऱ्या दिवशी ते परत तिथेच उभे राहतात, हेही लक्षात घ्यावे.) सिग्नलच्या वेळेचेही तसेच आहे. सिग्नलच्या फेरीची वेळ ठरवणाऱ्या वेबस्टरच्या सूत्राने, चार टप्प्यांच्या सिग्नलमध्ये दिवे बदलताना वाया जाणारा वेळ 16 सेकंद आणि वाहतुकीचा भार (क्षमतेच्या तुलनेत येणारी वाहतूक) 0.8 असेल तर पूर्ण फेरी 145 सेकंदांची निघते. एखादे उजवे वळण पुढच्या चौकातून फिरवून टप्पे तीन केले, वाया जाणारा वेळ 12 वर आणि भार 0.7 वर आला, तर फेरी 77 सेकंदांवर येते. लोक लाल दिवा का तोडतात याचे अर्धे उत्तर या दोन आकड्यांत आहे. भार 1 च्या जवळ गेला तर मात्र सिग्नलची वेळ कितीही बदला, उपयोग नाही. तिथे पुलाचा विचार जरूर करावा.

मोजणी कधी करायची, हे इथल्या माणसालाच कळते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या आणि गड्ड्याच्या दिवसांत मोजलेला पार्क चौक वर्षभराचा म्हणून चालणार नाही. कांद्याच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, मार्केट यार्डाकडे ट्रकची रीघ लागते तेव्हा हैदराबाद रस्त्याचे चित्र वेगळे असते. मे महिन्यात शाळा बंद असताना मोजलेले जुळे सोलापूर उपनगर म्हणजे अर्धेच. निविदेची मुदत संपायला आली म्हणून जो आठवडा मिळेल त्यात मोजणारा सल्लागार हे पाहत नाही, त्याला पाहायला वेळही नसतो. जड वाहनांचेही हेच. पुणे-हैदराबाद 65 क्रमांकाचा आणि विजयपूर-तुळजापूर 52 क्रमांकाचा महामार्ग इथे मिळतात, रत्नागिरीकडून 166 येतो. शहरात शिरणाऱ्या ट्रकपैकी खरोखर इथे माल उतरवणारे किती आणि बाह्यवळण असून आतून जाणारे किती, हे नाक्यावर चालकाला थांबवून विचारल्याशिवाय कळत नाही. ट्रक थांबवायला पोलीस लागतात. म्हणून विद्यापीठातल्या केंद्रासाठी जो करार होईल त्यात पोलीस आयुक्तालय पहिल्या दिवसापासून हवे.

सर्वांत मोठी उणीव मात्र वाहनांच्या मोजणीत नाही, माणसांच्या मोजणीत आहे. शहराजवळच्या कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीची 10,000 घरे विडी कामगार महिलांसाठी 2006 मध्ये उभी राहिली. शेजारी रे नगरच्या 30,000 घरांपैकी पहिल्या 15,000 घरांचे हस्तांतरण 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. घरटी चार माणसे धरली तर एकट्या रे नगरात सव्वा लाखाच्या जवळपास वस्ती होईल, आणि ती महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिथली बाई कामाला कुठे जाते, असे सर्वेक्षणात विचारले तर उत्तर येते, ‘घरीच विड्या वळते.’ पत्रकात ‘प्रवास नाही’ अशी खूण होते. प्रत्यक्षात ती पानतंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला कारखान्याच्या शाखेत जाते, बाजाराला जाते, नातवाला दवाखान्यात नेते, आणि यातले बरेचसे शेअर रिक्षाने. प्रश्न असा हवा: काल घराबाहेर किती वेळा पडलात, कुठे, कशाने, किती पैसे देऊन? तो तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत आणि मराठीत विचारता आला पाहिजे. सोलापूरच्या महाविद्यालयांत या चारही भाषा घरात बोलणारी मुले-मुली आहेत. बाहेरच्या सल्लागाराला ही माणसे भाड्याने आणावी लागतात.

या घरोघरच्या सर्वेक्षणाचा आकार फार मोठा नाही. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. पाच माणसांचे घर धरून सुमारे 1 लाख 90 हजार घरे, त्यातली 1 टक्का म्हणजे 1,900. प्रभागवार विभागून आणि कुंभारीचा नमुना वेगळा जास्त घेऊन हे काम एका सत्रात होते. परीक्षेच्या महिन्यांत काढले तर होत नाही.

देशात याला उदाहरणे आहेत. अहमदाबादच्या जनमार्ग बसचे नियोजन सेप्ट या शिक्षणसंस्थेने केले. नागरी वाहतुकीची उत्कृष्टता केंद्रे आयआयटी मद्रास आणि वरंगळच्या एनआयटीत निघाली. वरंगळशी तर सोलापूरच्या तेलुगू भाषिक पूर्व भागाची सोयरीक आहे, मार्गदर्शन मागायला लाजायचे कारण नाही. इथे विद्यापीठ 2004 पासून आहे आणि वालचंदसारख्या महाविद्यालयांत स्थापत्य विभाग आहेत. नाही ती कायम जबाबदारी आणि कायम निधी.

केंद्र काढायचे तर काही गोष्टी करारातच लिहाव्या लागतील, तोंडी ठेवून चालणार नाहीत. विद्यार्थी दरवर्षी बदलतात, म्हणून एक पूर्णवेळ वाहतूक अभियंता आणि एक नकाशा-माहितीतज्ज्ञ ही दोन पदे किमान पाच वर्षांसाठी हवीत. हे नसेल तर केंद्र दुसऱ्या वर्षी बंद पडते. विद्यार्थ्यांना दिवसाचा भत्ता द्यावा. फुकट मजूर म्हणून वापरले की पत्रके घरी बसून भरली जातात. शहरात जिथे कॅमेरे आहेत तिथले चित्रण केंद्राला मोजणीपुरते मिळावे, नंबर व चेहरे झाकून. कच्चे आकडे 30 दिवसांत संकेतस्थळावर यावेत, आणि त्यासाठी कोणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागू नये. मंजूर झालेल्या कामाच्या विरोधात आकडे गेले तरीही. ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे याची आम्हाला कल्पना आहे, पण ती गाळली तर उरलेल्यांवर खर्च करू नये.

हे पत्र नगरविकास मंत्र्यांना न लिहिता आपल्याला का, तर रे नगर हद्दीबाहेर आहे म्हणून. राज्यघटनेच्या 243 झेडडी कलमाने पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक प्रश्नांचे, त्यात जमिनीच्या वापराचे नियोजनही आले, एकत्रित आराखडे करणे जिल्हा नियोजन समितीवर सोपवले आहे. त्या समितीचे अध्यक्ष आपण आहात.

समितीच्या येत्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर हा विषय घ्यावा. कांद्याच्या हंगामात पहिली मोजणी करायची तर करार दसऱ्यापर्यंत व्हायला हवा, कारण मुलांना शिकवायला, पत्रके छापायला आणि एखाद्या चौकात चाचणी घ्यायला सहा आठवडे लागतात. पत्रकांचे नमुने, चौकांची यादी आणि कुंभारीची प्रश्नावली चारही भाषांत तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले विश्वासू,
सोलापुरातील वाहतूक व नगररचना विषयांत काम करणारे काही अभियंते आणि प्राध्यापक