कंबर नव्हे, खुबे बांधा

संपादक महोदय,

महामार्गावर अपघात झाला की जखमीला हातापायांना धरून उचलायचे आणि मिळेल त्या रिक्षात बसवायचे, असे सर्रास घडते. मदत करणाऱ्यांची तळमळ खरी असते. मात्र श्रोणी, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, मोडली असेल तर अशा उचलण्यानेच जीव जाऊ शकतो.

श्रोणी हे हाडांचे बंद कडे आहे. मागे त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड), दोन्ही बाजूंना रुंद हाडे आणि पुढे जांघांच्या मध्ये त्यांना जोडणारी कूर्चा. धडाचा सारा भार कण्यातून त्रिकास्थीत आणि तिथून खुब्यांमार्गे पायांत उतरतो. हे कडे मुख्यतः मागचे जाड अस्थिबंध (हाडांना हाडे जोडणारे चिवट बंध) आवळून धरतात. आत मूत्राशय, गुदाशय, स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि अगदी हाडाला लागून शिरांचे जाळे असते.

काचेच्या बांगडीप्रमाणे हे कडेही सहसा एकाच जागी तुटत नाही. ते फाकले की आतली पोकळी वाढते, शिरा फाटतात आणि बाहेर थेंबही न दिसता दोन-तीन लिटर रक्त आत साठू शकते. प्रौढाच्या अंगात एकूण रक्त सुमारे पाच लिटरच असते! प्रत्येक हिसक्याने नुकती धरलेली गुठळी सुटते, म्हणून श्रोणी मोडली का हे पाहायला ती दाबणे किंवा हलवणे पूर्ण चूक.

जोराची धडक किंवा उंचावरून पडणे, जांघेत वा पाठीच्या तळाशी वेदना, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला, लघवीच्या जागी रक्त, यांपैकी काही दिसले तरी श्रोणी मोडली आहे असेच समजावे. १०८ला फोन करावा. खिशातले मोबाइल, किल्ल्या काढाव्यात. चादरीची २०-२५ सेंटिमीटर रुंद घडी गुडघ्यांखालच्या पोकळीतून सरकवून हळूहळू वर खुब्यांपर्यंत, म्हणजे मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाताला लागणाऱ्या उंचवट्यांपर्यंत आणावी. दोघांनी दोन्ही टोके समोरासमोर ओढून घट्ट गाठ मारावी. गुडघे आणि घोटेही एकत्र बांधावेत. बहुतेक जण कमरेला बांधतात. त्याने पोट दाबले जाते, कडे मिटत नाही. जखमीला बसवू नये, कुशीवर लोळवू नये, पाणी पाजू नये. गाठ रुग्णालयात डॉक्टरच सोडतील. (त्यांनीही ध्यानात ठेवावे: बांधलेल्या अवस्थेतला एक्स-रे कधी कधी निर्दोष दिसतो.)

मदत करणाऱ्याला २०१९च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीतील कलम १३४अ चे संरक्षण आहे. एसटीचे चालक-वाहक, महामार्ग पोलीस आणि टोलनाक्यांवरील कर्मचारी यांच्या प्रथमोपचार प्रशिक्षणात ही चादर प्रत्यक्ष बांधायला शिकवावी आणि प्रत्येक रुग्णवाहिकेत श्रोणीचा पट्टा सक्तीचा करावा.

– एक अस्थिशल्यविशारद, सातारा