लंडनहून ताईला

लंडन, रविवार

प्रिय ताई,

संध्याकाळी कॉकटेल बारमध्ये जाऊ असं मी फोनवर म्हटलं आणि तू एकदम गप्प झालीस. भाऊजी घेत नाहीत, तू एखाद्या वेळी थोडी वाइन घेतेस, मग तिथे जाऊन करायचं काय, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचंच उत्तर लिहायला बसलेय. ऑफिस सुटलं की मैत्रिणीबरोबर मी या शहरातले बार पालथे घालत आलेय, मेफेअरच्या हॉटेलांपासून पूर्वेच्या बेथनल ग्रीनपर्यंत. इतकं मन लावून केलेलं बारीक काम मी इतर फारशा ठिकाणी पाहिलेलं नाही, आणि ते तुम्हा दोघांना दाखवायची मला फार इच्छा आहे.

टेबल घ्यायचं नाही. काउंटरलगतच्या उंच स्टुलावर बसायचं, म्हणजे बारटेंडरचे हात दिसतात. मार्टिनी ढवळली जाताना नीट बघ. जाड काचेच्या भांड्यात बर्फ, त्यावर जिन, मग थोडं व्हर्मुथ, म्हणजे वनस्पती मुरवलेली वाइन. लांब दांड्याचा चमचा काचेला पाठ टेकवून आतल्या आत फिरत राहतो, बर्फ सगळा एकदम फिरतो आणि खळखळाट मुळीच होत नाही. मधेच बारटेंडर एक स्ट्रॉ बुडवतो, वरचं टोक बोटाने दाबून दोन थेंब उचलतो, जिभेवर टाकतो, पुन्हा चमचा फिरवायला लागतो. पाणी किती उतरलं ते तो बघत असतो.

हे पाणीच सगळ्यात महत्त्वाचं. ढवळलेल्या कॉकटेलमध्ये साधारण पाचवा ते चौथा हिस्सा बर्फाचं वितळलेलं पाणी असतं, आणि ते मुद्दाम, हिशेबाने येऊ दिलेलं असतं. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो, पेय गार होतं ते मुख्यतः त्यामुळे. म्हणजे गार करायचं तर पाणी येणारच, आणि कुठे थांबायचं ते कळणं ही खरी विद्या. पाणी कमी पडलं तर दारू घशाला चावते आणि जिनमधल्या ज्युनिपर या झुडपाच्या फळांचा, धण्याचा, लिंबाच्या सालीचा वास दबून राहतो. जास्त झालं की सगळं पुळचट. लिंबाचा रस पडणार असेल तर शेकरमध्ये घालून जोरात हलवतात, कारण रसात हवा खेळायला हवी आणि त्याला पाणीही जास्त पेलतं. नुसती मद्यंच एकमेकांत मिसळायची असतील तर ढवळतात, त्याने रंग नितळ राहतो. चांगल्या बारमधला बर्फही काचेसारखा आरपार दिसतो. पाणी एकाच बाजूने सावकाश गोठवलं की आतली हवा दुसऱ्या बाजूला ढकलली जाते, तो ढगाळ भाग कापून टाकतात. असा मोठा, घट्ट खडा हळू वितळतो.

तुला इतिहासाची आवड, म्हणून पहिल्या दिवशी स्ट्रँडवरच्या सॅव्हॉय हॉटेलातला अमेरिकन बार. 1903 मध्ये तिथे एडा कोलमन ही बाई मुख्य बारटेंडर झाली, आणि पुढे वीसेक वर्षं तो बार तिने चालवला. बायकांना इथे मताचा अधिकारही नव्हता तेव्हाची ही गोष्ट! चार्ल्स हॉट्री नावाचा नट काम संपवून थकून यायचा आणि अंगात जान येईल असं काहीतरी दे म्हणायचा. तिने त्याच्यासाठी जिन आणि गोडं व्हर्मुथ समसमान घेतलं आणि त्यात फर्नेट-ब्रांका या कडूजहर इटालियन मद्याचे दोन शिंतोडे मारले. ग्लास रिकामा करून तो जे बोलला त्यातूनच त्या पेयाचं नाव पडलं, हँकी पँकी. ते अजून तिथे मिळतं आणि मी तिथे गेले की तेच मागते. आधी गोड, मग कडू, आणि तो कडवटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. तिच्यानंतर आला हॅरी क्रॅडॉक. तो मूळचा इथलाच, पण अमेरिकेत बारटेंडर होता. 1920 साली तिथे दारूबंदी आली आणि तो परतला. त्याने सॅव्हॉयच्या पाककृतींचं जे पुस्तक 1930 मध्ये काढलं, ते आजही इथल्या बारटेंडरांच्या हाताशी असतं.

सेंट जेम्स भागातल्या ड्यूक्स हॉटेलचा बार हा वर सांगितलेल्या सगळ्याला अपवाद. तिथे मार्टिनी ढवळत नाहीत की हलवत नाहीत. जिन आणि ग्लास दोन्ही आधीच फ्रीझरमध्ये गोठवलेले, ट्रॉली तुमच्यापाशी आणतात, ग्लासात व्हर्मुथ नावापुरतं, मग काठोकाठ जिन आणि लिंबाची साल. पाण्याचा थेंब नाही. म्हणूनच माणशी दोनच, तिसरी मागितली तरी देत नाहीत. जेम्स बाँडचा लेखक इयान फ्लेमिंग इथे येत असे, त्यामुळे पर्यटकांची वर्दळ असते. मला मात्र त्यांचा दोनचा नियमच जास्त आवडतो. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची हिंमत असलेली जागा आहे ती. मेफेअरच्या कॉनॉट बारमध्येही ट्रॉलीच येते, पण तिथे बिटर्सच्या, म्हणजे थेंबाथेंबाने घालायच्या कडवट अर्कांच्या, छोट्या बाटल्या एकेक करून हुंगायला देतात. लॅव्हेंडर, आलं, वेलदोडा असे वास. तुम्ही निवडाल तो तुमच्या मार्टिनीत. 2020 आणि 2021 अशी सलग दोन वर्षं जगातल्या उत्तम 50 बारच्या यादीत तो पहिला होता. या हॉटेलांमध्ये एका पेल्याला वीस पौंडांच्या वर पडतात, शिवाय सेवाशुल्क. ते मी देणार आहे, त्यावर वाद नको.

इथे एक कायदा आहे, भाऊजींना त्यात गंमत वाटेल. जिन, रम, व्हिस्की, व्होडका विकायची तर 25 किंवा 35 मिलिलिटरच्या मापातच, किंवा त्याच्या पटीत. पण तीन किंवा अधिक द्रव एकत्र केले की ते माप लागू होत नाही. म्हणजे बहुतेक कॉकटेलमध्ये किती ओतायचं हे सरकार बघत नाही. तरी चांगला बारटेंडर जिगर, म्हणजे ते दोन तोंडांचं धातूचं माप, एकदाही बाजूला ठेवत नाही. पाच मिलिलिटर रस कमी पडला तर चव हलते हे त्याला माहीत असतं.

सोहोत गेल्यावर मला डिक ब्रॅडसेलची आठवण होते. तो 2016 मध्ये गेला, मी त्याला कधी पाहिलं नाही, पण 1980च्या दशकात लंडनला पुन्हा नीट कॉकटेल प्यायला शिकवलं त्यानेच. कॉफी घातलेली एस्प्रेसो मार्टिनी त्याची. ब्रँबलही त्याचंच. जिन, लिंबू, साखर, बारीक ठेचलेला बर्फ आणि वरून ब्लॅकबेरीचं गडद जांभळं लिकर, म्हणजे गोड मद्य. ते बर्फाच्या फटींमधून ओघळत खाली उतरतं. लहानपणी आइल ऑफ वाइटवर ब्लॅकबेरी तोडायला जायचा, त्या आठवणीवरून त्याने हे केलं. तू घ्यायचं ठरवलंस तर हेच घे, आंबटगोड आहे.

पूर्वेकडचे बार स्वस्त आणि मोकळे. बेथनल ग्रीनच्या सेटन्स व्हिस्कर्सची यादी रोज बदलते. ओल्ड स्ट्रीटवरच्या टायर अँड एलिमेंटरीत एका घोटाची मार्टिनी मिळते, ब्लू चीज भरलेल्या ऑलिव्हसकट. ओल्ड स्ट्रीटजवळच नाइटजार आहे, तळघरात जॅझ चालू असतं. धुराचे फुगे आणि झाडपाला लावून सजवलेले ग्लास अशा ठिकाणी मी तुम्हाला नेणार नाही, चव हरवते त्यात.

आता भाऊजींचं. त्यांना संत्र्याचा रस देऊन कोपऱ्यात बसवणार नाही कुणी. बिनदारूचं पेय करणं जास्त अवघड, कारण वास वाहून नेणं आणि पेयाला भरीवपणा देणं ही कामं अल्कोहोल करतं, ते काढलं की पोकळी राहते. मग चहाचा तुरटपणा, फळांत मुरवलेलं व्हिनेगर, मिठाच्या पाण्याचे एकदोन थेंब अशा गोष्टींनी ती भरून काढतात. 2015 मध्ये सीडलिप नावाचं बिनदारूचं ऊर्ध्वपातित पेय इथे निघालं आणि तेव्हापासून मेन्यूतला हा भाग वाढतच गेलाय. मी स्वतः आधी हेच पान उघडते. ते मनापासून लिहिलेलं असेल तर बाकीचंही चांगलं निघतं, असा माझा अनुभव.

शुक्रवारी-शनिवारी ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, काही लाइन रात्रभर चालतात, पण त्या दिवशी बारमध्ये उभं राहायला जागा नसते. आपण मंगळवार-बुधवार धरू, संध्याकाळी लवकर, तेव्हा बारटेंडरला बोलायला वेळ असतो. एका दिवशी एकच बार, पोटभर जेवून, पाणी भरपूर पीत. तिकिटं झाली की तारखा कळव, काही ठिकाणी जागा आधी सांगून ठेवावी लागेल. आणि भाऊजींना आंबट चालतं का तुरट, तेही विचारून लिही.

तुझी,
छोटी