दादाचे अकरा दिवस आणि तुझे चोवीस

सांगली

चि. चिऊ हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मोबाइलकडे बघितलं की अजून डोळ्यांमागे ठणकतं म्हणालीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. एका बैठकीत वाचू नकोस. कपाळ जड झालं की घडी घालून ठेव आणि उरलेलं संध्याकाळी वाच.

परवा फोनवर तू म्हणालीस, "डोक्याला लागल्यावर दादा अकराव्या दिवशी कबड्डीच्या मॅटवर होता. मला चोवीस दिवस झाले. मीच नाजूक आहे." मला तेव्हा काही बोलता आलं नाही. रात्री झोप लागली नाही.

दादाला पकडीत कोपर लागलं तेव्हा तो सगळ्यांदेखत आडवा झाला. पंचांनी खेळ थांबवला, सरांनी त्याला बाहेर बसवलं आणि संध्याकाळी तो मिरजेत डॉक्टरांपुढे होता. तुझ्या वेळी? बोनस घेताना समोरचीचा गुडघा कानशिलावर बसला. तू उठलीस, मधली रेषा गाठलीस आणि सामना संपेपर्यंत खेळलीस. शुद्ध हरपली नाही म्हणून कुणाला काही वाटलंच नाही. पण कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम काही काळ बिघडतं त्यात, बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही, हे मला आता कळतंय. रात्री वसतिगृहात दोनदा उलटी झाली, तू मला फोन केलास, आणि मी म्हणाले, "पाळी जवळ आली असेल. लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस, चार खजूर खा." तू डॉक्टरांकडे गेलीस ती सहाव्या दिवशी. त्यातले पाच दिवस माझ्यामुळे गेले, चिऊ. मला माफ कर.

मी विज्ञान शिकवते, तरी हे मला सुचलं नाही. आता मिरजेच्या डॉक्टरांना विचारून आणि शोधनिबंध चाळून जेवढं समजलं तेवढं सांगते. 2016 साली अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या 69 तरुण खेळाडूंचा अभ्यास झाला. लगेच बाहेर काढलेल्यांना बरं व्हायला सरासरी 22 दिवस लागले. मार लागूनही खेळत राहिलेल्यांना 44. म्हणजे दुप्पट. तुझ्या आणि दादाच्या दिवसांतला फरक आधी इथे शोध.

मुलगी असण्याचा काहीच संबंध नाही, असंही मी म्हणणार नाही. तुला खोटा धीर नको आहे. फुटबॉलसारख्या, मुलं आणि मुली दोघंही खेळतात अशा खेळांत कन्कशनचं प्रमाण मुलींमध्ये जास्त दिसतं, आणि त्या लक्षणंही जास्त सांगतात. मुलींची मान सरासरीने बारीक, तिचे स्नायू कमी ताकदीचे, त्यामुळे धक्क्याने डोकं जास्त हिसकतं. 2018 साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठात प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशी तपासल्या, तेव्हा स्त्री-पेशींचे तंतू बारीक आढळले आणि तेवढ्याच ताणाने त्यांना जास्त इजा झाली. काचेच्या ताटलीतला प्रयोग आहे तो. अख्ख्या माणसाचं त्यावरून ठरवू नये. पण लागलं हे खरं असतं, एवढं त्यातून दिसतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. अमेरिकेत 2014 पासून तिथली कॉलेज-क्रीडा संघटना एनसीएए आणि संरक्षण खातं मिळून कॉलेजच्या खेळाडूंवर मोठा अभ्यास करताहेत. त्यांनी सारख्या खेळांतली मुलं आणि मुली समोरासमोर ठेवली, तेव्हा बरं होण्याच्या काळात फरक निघाला तो एक-दोन दिवसांचा. तिथल्या कॉलेजांत मैदानाच्या कडेला दुखापत ओळखणारा प्रशिक्षित माणूस असतो, मुलींसाठीही. याउलट मिशिगनच्या शाळांतल्या फुटबॉलची 2021 साली आलेली आकडेवारी बघ: मार लागला त्याच दिवशी खेळातून बाहेर काढलं जाण्याचं प्रमाण मुलांत मुलींच्या दीडपट. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात तर असं दिसलं, की मुली उशिरा येतात आणि उशिरा बऱ्या होतात. पण पहिल्या आठवड्यात आलेल्या मुली मुलांइतक्याच वेळात बऱ्या झाल्या. हे वाचताना मला माझे खजूर आठवले.

तुला एक कधी सांगितलं नाही. मी खो-खो सोडला तो लग्नामुळे, असं घरात सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणत आले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी खांबाजवळ सूर मारताना माझं डोकं खांबावर आपटलं. खोक पडली नाही, रक्त नाही. बाजूला उभ्या असलेल्या मोठ्या माणसांनी सांगितलं, "मुलींना चक्कर यायचीच, पाणी पी." पुढचे दोन-अडीच महिने मला पुस्तकाच्या ओळी सरळ दिसत नव्हत्या. ट्यूबलाइट सहन होईना. आईने नजर उतरवली. मी आळशी झाले असं सगळ्यांना वाटलं आणि मलाही तेच पटलं. मैदानावर परत गेलेच नाही. तेच वाक्य तीस वर्षांनी माझ्या तोंडून तुझ्यासाठी निघावं, याचं मला फार वाईट वाटतंय.

पुढचं डॉक्टरांनी सांगितलंय तसंच कर. अंधाऱ्या खोलीत पडून राहायचे दिवस गेले. पहिले एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू हालचाल, असंच आता सांगतात. रोज सकाळी चाल, थोडी सायकल मार. डोकं किंचित जड झालं तर चालेल, दुखणं वाढलं की थांब. ते जमलं की एकटीने पायांचा सराव आणि दम घुमवणं. लक्षणं पूर्ण जाईपर्यंत त्यापुढे जायचं नाही. मग सगळ्यांबरोबर, पण अंगाला अंग न लावता. पकड आणि खरी चढाई डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, आणि सामना त्याच्याही नंतर. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. अर्धवट बऱ्या झालेल्या डोक्याला दुसरा मार लागला तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. क्वचित होतं, पण होतं. इथे माझं ऐकायचंच.

वहीत रोज दोन ओळी लिही: झोप किती झाली, डोकं कधी दुखलं, वर्गात किती वेळ बसवलं. पाळीची तारीखही लिही. अशा मारानंतर मुलींची पाळी काही महिने मागेपुढे झाल्याचं 2017 च्या एका अभ्यासात दिसलंय. तसं काही झालं तर लाजू नकोस आणि घाबरूही नकोस. डॉक्टरांना सांग, मलाही सांग. यापुढे खजुरावर भागवणार नाही. पूर्ण बरी झालीस की मानेचे व्यायाम दादाबरोबर शिकून घे.

रविवारी बाबा साताऱ्याला येताहेत. त्यांच्याबरोबर भडंग आणि जाड पुठ्ठ्याची वही पाठवते आहे. तुमच्या सरांना मी वेगळं पत्र लिहिलंय, ते याच पाकिटात आहे. त्यात एकच विनंती केली आहे: डोक्याला लागलेली मुलगी "बरी आहे" म्हणाली तरी त्या दिवशी तिला बसवून ठेवा. पत्र उघडंच आहे. आधी तू वाच. काही खोडावंसं वाटलं तर खोड, आणि पटलं तरच सरांना दे.

तुझी
आई