चढणीचे मासे दोन महिने सोडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दारणा, मुकणे, भावली, गंगापूर, काश्यपी या आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या धरणांत पावसाळ्याचे पहिले दोन महिने ओढ्या-ओहोळांच्या तोंडावर जाळे लावायला बंदी करावी, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी देवळाली गावात राहते आणि नाशिकरोडला रस्त्याच्या कडेला मासे विकते. घरचे दारणेवर हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळे टाकतात. बंदी आली तर पहिला फटका आमच्याच चुलीला बसेल. तरीही मागते आहे, कारण दरवर्षी पाटीत काय येते ते मी रोज हाताळते.

कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. इगतपुरीकडे पाऊस धरला, ओहोळ गढूळ होऊन धरणाला मिळाले की गाभण मासे उलट्या पाण्याने वर चढू लागतात. हेच चढणीचे मासे. भातखाचरांच्या कडेकडेने, कधी तर पाठीचे पर पाण्याबाहेर दिसतील इतक्या उथळ पाण्यात ते येतात. नेमके त्याच ओहोळाच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत तंगुसाचे (नायलॉनच्या बारीक धाग्याचे) जाळे बांधलेले असते. वर जायला जागाच उरत नाही. काही ठिकाणी तर जाळ्याच्या मागे मच्छरदाणी लावतात. जाळ्यातून निसटलेले बारीकही मग त्यात अडकते.

हा काळ आणि आखाड एकत्र येतात. श्रावण लागायच्या आत घरोघरी मटण-मासे होतात, आणि गिऱ्हाईक येऊन सांगते, "मावशी, गाबोळीवाला द्या." गाबोळी म्हणजे पोटातली अंडी. असा मासा हातात घेतला तरी कळतो. पोट फुगून मऊ झालेले असते, जरा दाबले की मागून दाणे बाहेर येतात. विळीवर पोट फाडले की आतडे शोधावे लागते, एवढी गाबोळी भरलेली असते. रोहूच्या एका किलो वजनामागे लाख-दोन लाख अंडी धरतात. सगळी जगत नाहीत हे खरे, पण वर चढूच दिले नाही तर एकही जगायचे नाही. गिऱ्हाईक या माशाला भावाची घासाघीस करत नाही, म्हणून तो धरलाही जास्त जातो.

मरळीचे तर याहून वाईट वाटते. मरळ पिल्ले टाकून जात नाही. लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर चमचमत असतो आणि खाली आई-बाप राखणीला असतात. गळवाले थवा बघूनच गळ टाकतात, कारण राखणीची मरळ जवळ आलेल्या कशावरही झडप घालते. मोठी मरळ गेली की ती पिल्ले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. एका माशापायी अख्खा थवा संपतो.

मुले टोपली घेऊन खाचरात उतरतात, चार बारीक मासे कालवणापुरते नेतात, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ते पूर्वीपासून चालत आले आहे. विजेचा करंट सोडणारे, ब्लीचिंग पावडर टाकणारे आणि जिलेटिन फोडणारे मात्र वेगळे. पाण्यात स्फोट करून किंवा विष घालून मासे मारणे कायद्यानेच गुन्हा आहे. त्यासाठी नवा नियम नको, गस्त हवी.

कोणी म्हणेल, धरणात सरकारी मत्स्यबीज सोडतातच ना? सोडतात. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले. आमच्यासारख्यांची घरे त्या शोधावर चालतात आणि त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण अगदी बारीक बीज धरणात टाकले तर मोठे मासे ते फस्त करतात. हाताच्या बोटाएवढी बोटुकली सोडली तरच काही हाती लागते, आणि तीही बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात वर्षाच्या आत निघून येते. मग उरते काय, तर चिलापी (तिलापिया). ती साचल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा अंडी घालते. खायला चांगली आहे, पावसाळ्यात लोकांनी तीच मागावी असे मी सांगत असते, पण नुसत्या चिलापीवर धरणाचा धंदा चालत नाही.

समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. कोकणातले कोळी बांधव ती सोसतात. मग धरणातल्या माशाला तेवढी सवलत का नसावी? पूर्ण धरण बंद करा असेही मी म्हणत नाही. ओहोळांची तोंडे आणि पाणी येण्याचा फुगवट्याचा भाग मोकळा ठेवा, बारीक आसाची जाळी जप्त करा, खोल पाण्यात मोठ्या आसाचे जाळे चालू द्या. बंदीच्या काळासाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराचे 1500 आणि सरकारचे 3000 असे मिळून 4500 रुपये देण्याची तरतूद आहे. ती धरणावरच्या माणसापर्यंत आली पाहिजे. 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकरी पेरणीचे बियाणे खात नाही, आम्हालाही ते राखता यावे एवढी सोय करा.

मत्स्यव्यवसाय खात्याने मे संपायच्या आत धरणकाठच्या सर्व मच्छीमार संस्थांना, आणि मासे विकणाऱ्या बायकांनाही, एकत्र बोलवावे. फक्त बैठक संध्याकाळी ठेवू नये, ती जाळी लावायची वेळ असते.

आपली,
एक मासेविक्रेती
देवळाली गाव, नाशिकरोड